काल कोणाकोणाचं दुखलं?

पहाटे पाचला शाळेच्या मैदानावर पोरं-पोरी जमल्या की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. ‘काल कोणाकोणाचं दुखलं?’

हात वर व्हायचे. ज्याचा हात आधी वर, त्याची पाठ थोपटायची. ज्यांचे हात खाली, त्यांना मैदानाच्या दोन चकरा जास्त. हिशेब सरळ होता. दुखलं म्हणजे व्यायाम लागला. नाही दुखलं म्हणजे काल तू अंगचोरी केलीस. हे मी ओरडून सांगायचो आणि पोरांना ते आवडायचं. एकाने माझा आवाज टाकून रीलसुद्धा केली होती, मागे ढोल लावून. मलाही ती आवडली होती, खोटं कशाला बोलू.

मी प्रशिक्षक वगैरे नाही. भंडारा जिल्ह्यातल्या एका धानाच्या गावात राहतो, दिवसा एका कृषी केंद्रात बिलं फाडतो. पोलीस भरतीला दोनदा उतरलो, दोन्ही वेळा मैदान निघालं आणि लेखीत अडकलो. वय निघून गेल्यावर गावातल्या धाकट्यांना सकाळी पळवायला लागलो, पैसे न घेता. आमच्याकडे यात विशेष काही नाही. तुमसर, साकोली, पवनी, कुठल्याही रस्त्याने पहाटे गेलात तर अंधारात धावणारी पोरं दिसतील. घरची शेती दोन-तीन एकर, पोटापुरता धान, कारखान्यातल्या नोकऱ्या मोजक्या. मग उरते ती खाकी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, सगळं मिळून ५० गुण. या ५० गुणांसाठी पोरं तीन-तीन वर्षं पळतात.

त्या पोरींमध्ये एक होती, तिचा हात कधीच वर जायचा नाही.

नाव सांगत नाही, ती हे वाचणार आहे. आमच्या गावाच्या कडेला मामा तलाव आहे. (बाहेरच्यांसाठी: मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारांच्या काळातले असे तलाव पूर्व विदर्भात हजारोंनी आहेत.) तलावाची पाळ चांगली उंच आहे. पाळीवर पळत चढायचं आणि पळत उतरायचं, हा माझा आवडता व्यायाम, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मांड्या हमखास धरायच्या. नव्या पोराला पाळीवर नेलं की पुढचे दोन दिवस त्याला धड खाली बसता यायचं नाही, आणि आम्ही सगळे हसायचो. तेच आमचं स्वागत.

ती पाळीवरून वीस वेळा उतरायची आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशी उभी राहायची. मी विचारायचो, ‘दुखलं?’ ती मान हलवायची. मला वाटायचं, ही जोर लावत नाही. घरून पाठवतात म्हणून येते.

आता जे सांगतो ते मला सगळ्यात जास्त लागतं. तिच्या वेळा माझ्याच मोबाइलमध्ये होत्या. दर रविवारी ८०० मीटरची वेळ मीच लावायचो. चार महिन्यांत ती तीन मिनिटं चाळीस सेकंदांवरून तीन मिनिटं आठ सेकंदांवर आली होती. म्हणजे उत्तर माझ्या खिशात होतं. पण मी तिचा चेहरा बघत होतो, आणि चेहऱ्यावर मला वेदना दिसत नव्हती.

हॉल तिकीट आलं. मैदानाला तीन दिवस उरले असताना मी ठरवलं की हिला एक शेवटचा रगडा द्यायचा. पाळीने दुखत नाही ना, मग दुसरं काहीतरी. मैदानाच्या लांबीच्या दहा बेडूकउड्या-फेऱ्या, आणि मग दुसऱ्या पोरीला पाठीवर घेऊन शाळेच्या पायऱ्या उतरायच्या. तिने मुकाट्याने केलं. आज मागे वळून बघतो तेव्हा स्वच्छ दिसतं की तो व्यायाम नव्हताच. मी तिचं दुखणं शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी तिचा हात वर गेला. मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

मैदानाच्या दिवशी ती बसमधून उतरताना दांडा धरून, एक-एक पाय आडवा टाकत उतरली. ८०० मीटरला तीन मिनिटं सत्तावीस सेकंद. १०० मीटरलाही नेहमीपेक्षा मागे. गोळा तेवढा बरा गेला. मैदानात पात्र ठरली, पण लेखीला जागांच्या दहापट उमेदवार बोलावतात, त्या यादीत यायला तिला चार गुण कमी पडले. ती मला एका शब्दाने बोलली नाही. उलट म्हणाली, ‘दादा, माझीच मेहनत कमी पडली.’ माझा नियम तिला पाठ झाला होता.

त्यानंतर मी रात्री-रात्री मोबाइलवर वाचायला लागलो. सुरुवातीला, खरं सांगायचं तर, स्वतःची सुटका शोधायला. कुठेतरी लिहिलेलं सापडेल की दुखणं चांगलंच असतं, हिचंच नशीब खराब.

पहिली गोष्ट कळली ती म्हणजे मी पोरांना जे शास्त्र सांगायचो ते चूक होतं. ‘पायात लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय, पळून काढा.’ हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं असेल. पण पळताना रक्तात वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं, आणि हे दुखणं सुरू होतं ते बारा-चोवीस तासांनी, शिगेला पोचतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तेव्हा ते कशाचं असणार? थिओडोर हो नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०२ मध्येच लिहून ठेवलं होतं की हे उशिराचं दुखणं थकव्यापेक्षा वेगळं आहे, स्नायूच्या आतच कुठेतरी बारीक इजा झालेली असावी. सव्वाशे वर्षांपूर्वी! आणि आम्ही अजून लॅक्टिक अ‍ॅसिडवर.

दुसरी गोष्ट पाळीची. स्नायू दोन प्रकारे राबतो. चढताना मांडीचा स्नायू आखडत-आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेकचं काम करतो. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका चेनने जोडल्या. एकाने पायडल पुढे मारायचं, दुसऱ्याने नुसता विरोध करायचा. विरोध करणाऱ्याला कितीतरी कमी प्राणवायू लागला. म्हणजे ब्रेकचं काम शरीराला स्वस्त पडतं. आणि गंमत अशी की दुखतं ते नेमकं याच स्वस्त कामाने. पुढे १९८३ मध्ये न्यूहॅम आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकाच पायाने स्टुलावर चढायला आणि दुसऱ्याच पायाने उतरायला लावलं. दुखला उतरणारा पाय. धाप लागते चढण्याने, दुखतं उतरण्याने. अंबागडाच्या किल्ल्यावरून एकदा उतरून आलात तर दुसऱ्या दिवशी तुमच्याही लक्षात येईल. त्या एका उतरण्याने कोणी पहिलवान होत नाही.

म्हणजे दुखणं हे कष्टाचंही माप नाही, फायद्याचं तर लांबच.

मग ते कशाचं माप आहे? बहुतेक करून नवखेपणाचं. शरीराला जे काम अनोळखी, त्याने दुखतं. तेच काम एकदा करून झालं की पुढच्या वेळी, अगदी काही आठवड्यांनी केलं तरी, खूप कमी दुखतं. स्नायू एका फटक्यात शिकतो. जपानचे काझुनोरी नोसाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की दुखण्याची तीव्रता आणि स्नायूला झालेली प्रत्यक्ष इजा यांचाही नीट मेळ बसत नाही. जास्त दुखलं म्हणजे जास्त तुटलं, असंही नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका लहानशा अभ्यासात एका गटाला आधी तीन आठवडे हळूहळू सवय लावली, दुसऱ्या गटाला थेट कामाला जुंपलं. पुढचे आठ आठवडे दोघांना सारखाच व्यायाम. दुसऱ्या गटाच्या स्नायूंना सुरुवातीला जास्त इजा झाली. शेवटी मांडीची ताकद आणि आकार दोन्ही गटांत सारखेच वाढले.

आणि एक गोष्ट, जी मला आधी माहीत असती तर चार गुण वाचले असते. असं दुखत असताना स्नायूची ताकद काही दिवस कमीच असते. दुखरा पाय हा जिंकलेला पाय नसतो. तो दुरुस्तीला गेलेला असतो.

आता ती. ती रोज संध्याकाळी बकऱ्यांसाठी चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन त्याच पाळीवरून उतरते. दहा वर्षांची असल्यापासून. पाळ तिच्या मांड्यांना ओळखीची होती, एवढंच. हे मला माहीत नव्हतं का? होतं. गावात कोणाला माहीत नाही? पण भारा आणि व्यायाम हे माझ्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत होते.

हे सगळं मी एकदा आईला सांगत होतो, इंग्लंडच्या सायकली, जपानचा अभ्यास, सगळं. ती भाजी निवडत होती. तिने चाळीस पावसाळे रोवणी केली आहे. ज्यांनी धानाची रोवणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: चिखल केलेल्या बांधीत कमरेतून वाकायचं, डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजव्या हाताने दोन-चार काड्या चिखलात खोचायच्या आणि मागे-मागे सरकत जायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. वरून पाऊस. आषाढात आमच्या भागातली बहुतेक बायामाणसं याच अवस्थेत असतात.

आई म्हणाली, ‘पयल्या दिसी दुखतेच, बाबू. मंग आंग मानते. दुखते त्या दिसी रोवनं कमी होते. आंग मानल्यावर हात चालते.’

मी गप्प झालो. हो साहेबांच्या १९०२ च्या निबंधाशी आणि नोसाकांशी तिचं काही भांडण नव्हतं, तिने फक्त ते सगळं चार वाक्यांत आटोपलं होतं. शिवाय तिने एक गोष्ट जास्त सांगितली होती. माझा नियम बांधीवर लावला तर काय निघतं? रोवणीचा पहिला दिवस सगळ्यात चांगला, कारण त्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं. पंधराव्या दिवशी जी बाई सरसर ओळ टाकत पुढच्या बाईला मागे टाकते, ती अंगचोर. असं म्हणणाऱ्या मुकादमाला बायांनी बांधीतच लोळवला असता.

इथे मला एक वेगळाच प्रश्न टोचायला लागला. व्यायामाच्या दुखण्याला आपण एवढा मान का देतो, आणि रोवणीच्या दुखण्याला अजिबात का नाही? जिममधून आलेला मुलगा ‘लेग डे होता, चालता येत नाही’ म्हणून स्टेटस टाकतो, त्याखाली आगीचे इमोजी येतात. त्याची आई त्याच दिवशी बांधीतून आलेली असते, ती कंबर धरून चूल पेटवते, तिला कोणी विचारत नाही. दोघांच्या स्नायूंत घडलंय ते जवळपास एकच. फरक हा की एकाने ते निवडलंय. निवडलेल्या दुखण्याला आपण तपश्चर्या म्हणतो, न निवडलेल्याला मजुरी. आणि मजुरीत दुखण्याचे पैसे मिळत नाहीत, रोवलेल्या बांधीचे मिळतात. माझ्या आईने कधीच दुखणं हा पुरावा मानला नाही, कारण तिच्या जगात तो पुरावा कोणी स्वीकारलाच नसता.

तरी मला त्या स्टेटसवाल्या मुलावर हसवत नाही. मी तोच मुलगा होतो. भरतीची तयारी ज्यांनी केलीय त्यांना कळेल. जाहिरात कधी येईल माहीत नाही. आली तरी जागा किती, माहीत नाही. वर्ष जातं, दीड वर्ष जातं, घरचे जेवताना काही बोलत नाहीत पण न बोलण्याचाही आवाज येतो. तुम्ही रोज पहाटे उठून एका अशा गोष्टीसाठी पळताय जिचं उत्तर कधी येणार कोणालाच ठाऊक नाही. अशा वेळी रात्री पायऱ्या चढताना मांडीतून कळ आली की बरं वाटतं. काहीतरी झालं आज. दिवसाची पावती मिळाली. ती पावती खोटी आहे हे कळूनसुद्धा फाडून टाकणं सोपं नाही, कारण त्या दिवशी हातात दुसरं काहीच नसतं.

स्वतःपुरती ही पावती ठेवायला कोणाची हरकत नसावी. गोष्ट बिघडते ती आपण दुसऱ्याकडे पावती मागायला लागतो तेव्हा. मास्तर पोरांकडे मागतो, साहेब कारकुनाकडे, सासू सुनेकडे. ‘आमच्या वेळी आम्ही किती सोसलं’ हे वाक्य ज्या घरात नाही असं घर मी पाहिलेलं नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण मीही मैदानावर वापरायचो. पण त्या म्हणीत एक पाथरवट आहे, त्याला मूर्ती कशी हवी ते ठाऊक आहे, आणि तो एक घाव जास्त पडला तर दगड फुटतो हेही जाणतो. मला ते ठाऊक नव्हतं. मी नुसते घाव मोजत होतो.

मला वाटतं आपल्याला दुसऱ्याचं दुखणं बघून जो दिलासा मिळतो तो फार जुना आहे. आमच्याच जिल्ह्यात, वैनगंगेकाठच्या पवनीला, दोन हजार वर्षांहून जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. १९६९-७० मध्ये तिथे उत्खनन झालं. मी शाळेच्या सहलीत गेलो होतो तेव्हा डबा खाण्याकडे जास्त लक्ष होतं. मागच्या वर्षी पुन्हा गेलो, एकटाच, आणि तिथे बसल्यावर मला सिद्धार्थाच्या गोष्टीतली ती पाच माणसं आठवली.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. सिद्धार्थाने सहा वर्षं देह झिजवला. उपवासाने पोट पाठीला लागलं. सोबत पाच जण होते, त्याचं सोसणं बघत, त्यावर विश्वास ठेवून. मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं की या मार्गाने शरीर मोडतंय, हाती काही लागत नाही. त्याने सुजातेच्या हातची खीर घेतली. आणि ते पाच जण त्याला सोडून निघून गेले. हा ढिला पडला, हा आता सुखाला लागला, असं म्हणत.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मी नेहमी सिद्धार्थाच्या बाजूने असायचो. सगळेच असतात. पवनीला बसल्यावर पहिल्यांदा कळलं की मी त्या पाचांपैकी एक आहे. त्यांनीही विचारलं नाही की तुला काय सापडलं. त्यांनी बघितलं की याचं दुखायचं थांबलं, आणि निकाल दिला. बरं, ते दुष्ट नव्हते, आळशीही नव्हते. ते स्वतःही सोसतच होते. जो स्वतः सोसतो त्याला दुसऱ्याच्या न सोसण्याचा राग लवकर येतो. पुढे बोध झाल्यावर तो आधी त्यांच्याकडेच गेला, सारनाथला, हेही गोष्टीत आहे. माझ्या गोष्टीत मला जावं लागलं.

गेलो. तिच्या अंगणात बसून सांगितलं की चूक माझी होती, तीन दिवस आधी तसलं काही करायचं नसतं. तिची आई मध्येच म्हणाली, ‘जाऊ दे बाबू, तू तं चांगल्यासाठीच केलं.’ चांगल्यासाठीच केलं, हे खरं आहे का, मला अजून नक्की सांगता येत नाही. थोडं तिच्यासाठी होतं. थोडं मला माझी मेहनत तिच्या चालण्यात बघायची होती.

एक शंका मी स्वतःच काढतो, नाहीतर तुम्ही काढाल. मग काय, गोंजारून भरती निघते का? नाही निघत. १६०० मीटरच्या शेवटच्या टप्प्यात फुप्फुसं पेटतात, पाय शिशाचे होतात, आणि तिथे जो थांबत नाही त्यालाच गुण मिळतात. ते सोसणं वेगळं. ते कामाच्या आत आहे, काम करताना आहे, आणि काम संपलं की दहा मिनिटांत ओसरतं. ते मी आजही पोरांकडून मागतो. दुसऱ्या दिवशीची कळ ही कामानंतरची बातमी आहे, आणि बातमी एवढीच की काल काहीतरी नवीन होतं. कधी ते नवीन उपयोगाचं असतं, कधी नसतं. नवीन व्यायाम धरला तर चांगल्या व्यायामानेही दुखतं, तेव्हा दुखलं म्हणून घाबरायचंही कारण नाही. (नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येत असेल, सांधा सुजला असेल, किंवा भयंकर रगड्यानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली असेल, तर मात्र हे लेखबिख बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. त्यात मर्दानगी नाही.)

मैदानावर आता मी वही ठेवतो. तारीख, वेळ, गोळा किती गेला, झोप किती झाली. पोरांना सुरुवातीला फार कंटाळवाणं वाटलं. दोघं-तिघं सोडूनही गेले, शेजारच्या गावात एक जण जबरदस्त रगडा देतो म्हणून तिकडे. मी त्यांना थांबवलं नाही, त्यांना काय हवंय ते मला ठाऊक आहे. वहीतला आकडा दोन सेकंदांनी कमी झाला की कोणी टाळ्या वाजवत नाही. दोन सेकंद दिसत नाहीत. लंगडणं दिसतं.

ती परत यायला लागली. तिचं वय अजून आहे.

यंदा आषाढातली गोष्ट. रात्रभर पाऊस झाला होता, मैदानात पाणी होतं म्हणून आम्ही डांबरी रस्त्यावर जमलो होतो. तो जुना प्रश्न मी विचारणं सोडून दीड वर्ष झालं होतं. ती आली, उभ्या-उभ्या मांडी दाबत म्हणाली, ‘दादा, आज लय दुखते.’

आणि माझ्या आत, मला विचारायच्या आधी, आनंद झाला. अगदी तोच, टाळ्यांच्या दिवशीचा. मी तो लपवायच्या आत तिने पाहिला असावा, कारण ती थोडी हसली.

‘काय केलंस?’

‘काल रोवनीले गेली होती. पयला दिवस होता.’

मी वही उघडली. त्या दिवशी तिच्यासाठी ४०० मीटरच्या सहा फेऱ्या लिहिलेल्या होत्या. त्या खोडल्या आणि समोर लिहिलं: चालणे, वीस मिनिटे.